दीपगृहातल्या विधवेसाठी प्रार्थना

इस्त्रीवालीला सगळं चर्च खूणबाई म्हणायचं. नाव ठेवलं होतं फादरांनी. चर्चच्या मागच्या खोलीत वाचनालयाची जुनी कपाटं होती, आणि तिने परत केलेल्या प्रत्येक पुस्तकात कुठला ना कुठला संत अडकलेला सापडायचा. आजारपणाच्या प्रकरणात एक, कोर्टकचेरीच्या प्रकरणात दुसरा. खूण म्हणून ती संतांची चित्रंच ठेवायची, आणि नुसती खूण म्हणून नव्हे बरं का, तर त्या पानावरच्या माणसांकडे जरा लक्ष असू द्या म्हणून! पुस्तक परत करताना चित्र काढून घेणं तिच्या जिवावर यायचं. "त्यांना तिथे एकटं कसं सोडू?" म्हणायची. आता यावर माणूस काय बोलणार? फादरांनी बोलणं सोडून दिलं होतं.

कामाला ती लाँड्रीत होती, मागच्या खोलीत, हॉस्पिटलच्या चादरींवर. समोर खिळ्याला एक वाकवलेला हँगर टांगलेला, त्यात पुस्तक उघडं. उजव्या हाताने इस्त्री, डाव्याने पान. गोष्ट शांत असली की चादरी कशा कडक घडीच्या निघत. पण कथेत कुणाचा जीव टांगणीला लागला की इस्त्री एका जागी थांबायची आणि चादरीवर तिचा पिवळा ठसा उमटायचा. मालक भला माणूस. ओरडायचा नाही. डाग बघायचा आणि विचारायचा, "आज कोण मेलं?"

वाचायची ती फक्त श्रद्धेच्या कादंबऱ्या. त्यांचा साचा तिला पाठ होता. नायिका संकटात पडणार, देवावर रुसणार, एक म्हातारी शेजारीण तिला चार शब्द सांगणार, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात देव अगदी वेळेवर हजर. ह्या वेळेवर येण्याचंच तिला फार अप्रूप होतं. कारण तिच्या स्वतःच्या आयुष्यात कंबरदुखी होती, गळकं छप्पर होतं, तोंडाळ नणंद होती, आणि देव होता, नाही कशाला म्हणा, पण त्याला घाई अशी कधी नसायचीच. "आपल्याला जो लेखक मिळालाय ना," ती नवऱ्याला म्हणायची, "तो प्रकरण बदलायचं नावच घेत नाही."

नवरा प्लंबर. त्यालाही वाचनाची एक खोड होती. घरात आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं तो फक्त शेवटचं पान वाचायचा. "पाणी कुठे बाहेर पडतं ते कळलं की मधल्या पाइपाचं काय बघायचं?" असं त्याचं शास्त्र. तिला याचा भयंकर संताप यायचा. शेवट आधी बघणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, असं तिचं ठाम मत होतं. त्यामुळे तो चोरून वाचायचा आणि चेहरा कोरा ठेवायचा.

तर त्या वेळी हँगरवर चढली होती एका दीपगृहातल्या विधवेची गोष्ट. तिचा एकुलता एक मुलगा, रुंद खांद्यांचा, खाण्यात दांडगा, आईशी भांडून होडी घेऊन समुद्रात गेला आणि वादळ सुटलं. तिथे खूणबाईने हरवलेलं शोधून देणारे संत अंतोनी ठेवले, चादरीला भोक पाडलं आणि शनिवारची घरी गेली.

रविवारी मिस्साच्या उपासनेत छापील प्रार्थना संपल्या की फादर म्हणायचे, "आता ज्याच्या मनात जे असेल ते मोठ्याने सांगा." मग नेहमीचीच मंडळी उठायची. गायनमास्तर स्वतःच्या घशासाठी. निवृत्त पोस्टमन गुडघ्यांसाठी. आणि पाववाली मावशी, जिची कोपऱ्यावर बेकरी होती, ती अख्ख्या जगासाठी. जगातले आजारी, जगातले भुकेले, जगातले प्रवासी, एकालाही सोडायची नाही. तिचा स्वतःचा मुलगा काही वर्षांपूर्वी भांडून घरातून गेला तो गेलाच, कुठे आहे काही पत्ता नाही. त्याच्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे मूग गिळून बसायचे.

त्या रविवारी मधेच जरा शांतता पडली आणि खूणबाईच्या तोंडून निसटलं, "वादळात बेपत्ता झालेल्या एका मुलासाठी, आणि दिवा लावून त्याची वाट बघणाऱ्या विधवा आईसाठी."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," अख्खं चर्च म्हणालं.

मिस्सा संपल्यावर दारातच सगळ्यांनी तिला घेरलं. "अहो, ते काय आहे ना..." असं तिने तोंड उघडलं, तेवढ्यात पाववाली मावशीने तिचा हात धरला. पिठाने खरखरीत झालेला, गरम हात.

"जाताना आईशी भांडला होता का गं?"

"हो," खूणबाई म्हणाली. खोटं नव्हतं. चौथ्या प्रकरणात भांडला होता.

"वाटलंच मला." मावशीने हात आणखी घट्ट धरला. "आमचाही तसाच गेला."

आता तुम्हीच सांगा, यावर कुठल्या तोंडाने म्हणायचं की मावशी, आमचा कागदाचा आहे?

मग काय, चर्चने तो मुलगा डोक्यावरच घेतला! समुद्र तिथून इतका लांब की अर्ध्या लोकांनी तो कॅलेंडरवरच पाहिलेला, पण गायनमास्तरांनी दर रविवारी लाटांचं गीत लावलं. पोस्टमनने पत्ता मागून मागून जीव खाल्ला. दर रविवारी सगळे विचारायचे, "काही कळलं?" आणि ही प्रामाणिक बाई जेवढं वाचून झालं असेल तेवढं सांगायची. एकदा म्हणाली, "दिव्याचं तेल संपत आलंय तिचं." पुढच्या रविवारी वेदीच्या पायरीवर तेलाचे डबे रांगेने उभे! फादरांच्या स्वयंपाकघरात त्यानंतर कितीतरी दिवस सगळं तळलेलंच शिजत होतं.

पाववाली मावशीने स्वेटर विणायला घेतला. निळी लोकर आणली.

"माप काय त्याचं?"

"खांदे रुंद आहेत म्हणे."

"मग आमच्याएवढाच." दुसरं माप तिने विचारलंच नाही. पाव भट्टीत गेले की ती स्टुलावर बसून विणायची. एक दिवस सुया चालवता चालवताच म्हणाली, "तिचा आला ना, की माझाही येणार. मी देवाला तसं सांगून ठेवलंय."

इतके दिवस नुसती गंमत अंगाशी आली होती. आता त्या मावशीचा सगळा भरवसा एका पुस्तकाच्या शेवटावर जाऊन बसला होता, आणि तो शेवट खूणबाईने पाहिलेला नव्हता.

ती तडक पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादर ऐकत होते. सगळं सांगून झालं.

"फादर?"

"बाई," फादर म्हणाले, "मी त्या पोरासाठी शुक्रवारचा उपास धरलाय."

"माफ करा, फादर."

"बिशपसाहेबांनाही सांगितलंय मी. तेही प्रार्थना करतायत." पलीकडे एक मोठा उसासा. मग आवाज हळू करून, "आणि... आला का तो?"

"अजून बरीच पानं आहेत."

"मग आधी शेवट बघून घे."

"आधी शेवट? फादर, तुम्ही मला पाप करायला सांगताय!"

"प्रायश्चित्त म्हणून सांगतोय," फादर म्हणाले. "रविवारी बाकीच्यांना मी काहीतरी सांगतो. पण पाववालीला तू स्वतः जाऊन सांग. ते मी नाही करणार."

घरी जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने घास उचलला, पण तो काही तोंडापर्यंत जाईना. तिने त्याच्याकडे नीट बघितलं.

"अहो! तुम्ही वाचलंत!"

"सवय आहे गं ती मला."

"मग? काय आहे?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "स्वेटर विणायला नको होता त्यांनी."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत तिने शेवटची प्रकरणं एका दमात वाचली. होडी सापडली, मुलगा नाही. विधवेने गुडघे टेकले, देवाची इच्छा मान्य केली, आणि दुसऱ्यांच्या मुलांसाठी दिवा लावत राहिली. फार प्रेरणादायी शेवट होता. तो लेखक समोर असता तर तिने त्याच्या थोबाडीत दिली असती. चादरीचा जळका वास आला म्हणून मालक आत आला, डाग बघितला, आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, "आज कोण मेलं?"

ती हुंदके देऊन रडायला लागली. मालक इतका घाबरला की त्याने तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली.

पुस्तक काखेत मारून ती बेकरीकडे निघाली. वाटेत तिने पक्कं ठरवलं, मुलगा आला म्हणून सांगायचं. कोण बघायला जाणार आहे? मावशीने जन्मात पुस्तक उघडलेलं नाही. एका म्हाताऱ्या जिवाला तेवढं सुख मिळालं तर देवाचं काय जातंय? आणि देवाला चालत नसेल तर त्याने वेळेवर यावं ना स्वतः!

बेकरीत दुपारची सामसूम होती. पावाच्या रिकाम्या फळ्या भिंतीला लावलेल्या, आणि एका फळीवर निळा स्वेटर, पुरा झालेला. मावशीने तो उचलून खांद्यांना धरून समोर पसरला.

"आला ना गं तो?"

हो म्हणायला खूणबाईचे ओठ हललेही. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, आपण हो म्हटलं की उद्या सकाळपासून ही बाई दारात उभी राहणार. परवाही. रोज. नि तिथे कुणी येणार नाही.

"नाही आला, मावशी," ती म्हणाली. "आणि तो... तो पुस्तकातला आहे. हे बघा, ह्याच्यातला. माझ्या तोंडून चुकून निघालं, आणि मग मला सांगायचा धीर झाला नाही."

मावशी मैद्याच्या पोत्यावर बसली. पांढरी धूळ उडाली आणि हळूहळू खाली आली.

"पुस्तकातला," ती म्हणाली. मग एकदम भडकली. "अगं, मी सगळ्यात महागातली लोकर आणली! तू बघत होतीस! समोर बसून बघत होतीस!"

"हो, मावशी."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटली." खूणबाईचे डोळे भरून आले. "फार वाईट वागले मी तुमच्याशी."

भट्टीचं पत्र्याचं दार गार होताना मधूनच टक् करून वाजत होतं.

"मारलं कुणी त्याला?"

"लेखकाने."

"आणि आई काय म्हणाली?"

"मान्य केलं तिने. गुडघे टेकून."

"बावळट," मावशी म्हणाली. मग हात पुढे करून तिने पुस्तक घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, अंतोनींचं चित्र बघितलं, आणि परत दिलं. "सुरुवातीला कुठे असतो तो?"

"सुरुवातीला? घरीच. पहिल्या प्रकरणात जेवायला बसलाय. आई वाढतेय, आणि तो आणखी मागतोय."

"मग तिथून वाच."

"मावशी, पण शेवट तोच..."

"शेवट तुझा तुझ्याजवळ ठेव. मला तो घरात आहे तेवढं वाच. आणि हळू वाच जरा. जेवू दे त्याला पोटभर."

खूणबाई स्टुलावर बसली आणि वाचायला लागली. मुलाने दुसऱ्यांदा वाढून मागितलं तेव्हा मावशी म्हणाली, "परत." तिने परत वाचलं. प्रकरण संपलं तरी मावशीने तिला दुसऱ्या प्रकरणात जाऊ दिलं नाही.

रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. छापील प्रार्थना संपल्या. फादरांनी घसा खाकरला, कपाळाचा घाम पुसला, आता त्या मुलाचं काय ते सांगणार, एवढ्यात पाववाली मावशी उठून उभी राहिली. सगळे नेहमीच्या जगाची वाट बघत होते.

"माझ्या मुलासाठी," ती म्हणाली. "भांडून गेलाय. चूक माझीही होती. आणि तो खरा आहे."

मग मागच्या बाकावरून, जिथे तो नेहमी पेंगत बसायचा, तिथून प्लंबर सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने म्हणाला, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

बाहेर आल्यावर पोस्टमनने सवयीने विचारलंच, "पत्ता काय त्याचा, मावशी?"

"पत्ता नाही माझ्याकडे," मावशी म्हणाली, आणि पिशवीतून निळा स्वेटर काढून त्याच्यापुढे धरला. "माप आहे."