तीन पायऱ्यांची तडजोड

"वकीलसाहेब, तुम्ही वर या. तुमच्या मुनशीले म्हना, खालीच बस. त्याचे लोकं खालीच आहेत."

मालक हे माझ्याकडे न बघता बोलले. मी त्यांच्या घराच्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर होतो, एक पाय तिसरीवर. अंगात काळा कोट, गळ्याला पांढरी पट्टी, काखेत फाईल. मी मुनशी नव्हतो. सनद घेऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दाव्याच्या वकीलपत्रावर माझीही सही होती.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणजे माझे सीनियर, भंडाऱ्याच्या कोर्टातले मोठे वकील. ते आमच्याच बाजूचे वकील होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कुणालाही उलटं वाटेल.

साहेब चपला काढत होते. म्हणाले, "बस रे खाली. तडजोडीत मानपान काढायचा नसतो. शीक."

मी उतरलो. धुळीत बसलो. काळ्या कोटासकट.

मालगुजारी, म्हणजे मालकांच्या घराण्याची गावावरची जमीनदारी, कायद्यानं जाऊन तीस वर्षं होत आली होती. ओट्याला कुणी तसं कळवलेलं नव्हतं. वर दोन खुर्च्या, मध्ये तिपाई. खाली अंगणात आम्ही ढिवर, दहा-बारा माणसं. सगळ्यांच्या पुढे मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या मच्छीमार सोसायटीचे ते अध्यक्ष. सोसायटी म्हणजे बावीस घरं, चार डोंगे आणि एक रबरी शिक्का.

भांडण सरळ होतं. गावच्या तलावात मासे धरायचा हक्क सोसायटीचा. तलावाखालची शेती मालकाची. उन्हाळी धानासाठी मालक तुडूम उघडायचे, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, आणि पाणी पार तळाला न्यायचे. तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, आतून एक काळा दगड रोवलेला आहे. पाणी त्याच्याखाली गेलं की मासे चिखलात तडफडतात. आमचं मागणं एवढंच होतं. दगडाखाली पाणी नेऊ नका. तो दगड कागदावर यावा म्हणून दावा होता.

वर बोलणं सुरू झालं. खाली ते अर्धं ऐकू येत होतं. मध्येच दोघं हसले. साहेबांनी मालकांच्या वडिलांची आठवण काढली. मालकांनी साहेबांच्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. तासाभरानं साहेब खाली वाकून म्हणाले, "लिही. तडजोडीची पुरसीस."

पुरसीस म्हणजे दोन्ही पक्षांनी सही करून कोर्टात द्यायचा कागद. तो दिला की दावा मिटतो. मी फाईल गुडघ्यावर ठेवून लिहू लागलो. कलम एक. कलम दोन. तिसऱ्या कलमावर मी मान वर करून विचारलं, "साहेब, आणि दगड?"

"दगडबिगड नको. लिही, पाणी परस्पर सामंजस्यानं सोडण्यात येईल."

मी लिहिलं. माझ्या हातानं दगड उपटला.

मग कागद वर द्यायचा होता. ओटा उंच. मी चवड्यांवर उभा राहिलो आणि हात लांबवला. मालकांनी कागद दोन बोटांत धरला, वाचला, मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"अक्षर काय सुरेख आहे! ढिवराच्या पोराचं वाटत नाई."

आणि मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. हे एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

बाहेर पडल्यावर मोठेबाबा माझ्या पाठीवरची धूळ झटकत म्हणाले, "कोट मळला नं बापा." मग हळूच, "दगडाचं काय झालं?"

"सामंजस्य लिहिलंय."

"ते कुठी रोवलं?"

कोर्टाची तारीख पंधरा दिवसांवर होती. त्याआधी एक दिवस ओट्यावर येऊन अंगठे द्यायचे, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे वर ठरलं होतं.

त्याच पंधरवड्यात आमच्या वकील संघानं भंडाऱ्यात शिबिर भरवलं. विषय होता, 'दिवाणी व्यवसायातील तडजोडीचे प्रगत तंत्र'. मी सर्वात आधी नाव नोंदवलं. नवी वही घेतली. वाटलं होतं, आपल्याला जे आलं नाही ते इथं शिकायला मिळेल. पाहुणे मोठ्या शहरातून आले होते. दीपप्रज्वलन झालं. वाऱ्यानं दिवा तीनदा विझला, तीनदा लावला. पाहुण्यांच्या पदव्या वाचायला लागलेल्या वेळात एखादा छोटा दावा निकाली निघाला असता.

पाहुण्यांनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली. दोन पक्ष. जिथं ती एकमेकांत शिरतात तिथं खडूनं रेघा ओढल्या आणि सांगितलं, हा समाधानाचा प्रदेश. मी वहीत वर्तुळं काढली. दोन्ही सारखी आली. तिथंच मला काहीतरी खटकलं. मोठेबाबांचं वर्तुळ मालकांच्या वर्तुळाएवढं कुणी काढलं? कशाच्या जोरावर?

मग अध्यक्ष म्हणून साहेब बोलले. उदाहरणादाखल त्यांनी आमच्याच दाव्याची गोष्ट सांगितली. नावं न घेता. पण हॉलमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं?

"वातावरण तापलं असतं," साहेब म्हणाले. "पण माझा हा ज्युनियर एक शब्द न बोलता खाली बसला. मित्रहो, याला म्हणतात संयम. अरे, उभा राहा जरा, लोकांना दिसू दे."

मी उभा राहिलो. टाळ्या झाल्या.

खाली बसल्याबद्दल मला उभं करून टाळ्या.

ओट्यावर मला राग आला नव्हता. लाज आली होती. राग इथं आला, पंख्याखाली, टाळ्यांमध्ये. अपमान करणारा निदान त्याला संयम म्हणत नव्हता.

मी बसलो नाही. म्हणालो, "पाहुण्यांना एक विचारू? एक पक्ष खुर्चीत आहे आणि दुसरा धुळीत. मध्ये तीन पायऱ्या. तर समाधानाचा प्रदेश कितव्या पायरीवर येतो?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. पाहुण्यांनी हाताचा खडू झटकला. "प्रश्न चांगला आहे. चहाला बोलू."

चहाला मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी आलुबोंडा संपवला आणि विचारलं, "इथून नागझिरा किती लांब? वाघ दिसतो का हो?"

साहेबांनी मला बाहेर पायऱ्यांवर गाठलं. आवाज चढवला नाही. ते आवाज चढवणारे नव्हते.

"तुला काय वाटतं, मला दगड दिसत नव्हता? मी तो धरून बसलो असतो तर दावा दहा वर्षं चालला असता. तोवर तुझे लोक काय खाणार होते? मिळेल ते घ्यायचं असतं. आणि तुला माझ्या चेंबरमध्ये मी जागा दिली. दुसरं कोण देणार होतं?"

यातलं खोटं काहीच नव्हतं. खरंच दुसऱ्या कुणी दिली नसती. म्हणूनच मला पटत नव्हतं. हा माणूस आमच्यासाठी भांडत होता की आमच्यावर उपकार करत होता? फी तर त्यानं पूर्ण घेतली होती.

दुसऱ्या दिवशी अंगठे द्यायचे होते. सकाळच्या एसटीनं मी पवनीला आणि तिथून गावी गेलो. मालकांचा माणूस मोठेबाबांच्या दारातच उभा होता. "चला, अंगठे द्याले बलावलं."

मी म्हणालो, "मोठेबाबा, जाऊ नका. बोलणं करायचं तर तलावाच्या पारीवर. दगडाजवळ. सगळे उभे राहून."

"आन ते नाई आले तं?"

"तर अंगठा नाही."

"तं पानी जाईन."

"हो."

"मासे मरतीन."

"हो."

मग ते म्हणाले, "तुह्या पोटाले भंडाऱ्यात काई कमी नाई नं बापा. म्हनून बोलून राहिला."

हा घाव बरोबर बसला. मोठेबाबांनी खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला, बटणं लावली आणि मालकाच्या माणसाला म्हणाले, "जा, सांग मालकाले. पारीवर या म्हना. आमी तेथीच आहो."

तो माणूस हसला. "पारीवर? मालक?"

"पाय नाईत काय त्याईले?"

आम्ही दुपारपर्यंत पारीवर उभे होतो. मालक आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुडूम उघडलं.

त्या उन्हाळ्यात दगड उघडा पडला. त्याच्याखाली चिखल, चिखलात पांढऱ्या पोटांचे मासे, आणि वास. दोन घरं गाव सोडून नागपूरला गेली. त्यातली एक बाई जाताना आमच्या गावच्या घराच्या दाराशी थांबली. "तुयं खरं झालं नं वकील? आता खा." एवढंच बोलली. साहेबांनी दाव्यातून आपलं वकीलपत्र काढून घेतलं आणि मला चेंबरमधलं माझं स्टूल रिकामं करायला सांगितलं. तिथं दोन वर्षं मला खुर्ची नव्हती, हेही मला तेव्हाच दिसलं. साहेब म्हणाले होते तसाच दावा रेंगाळला. मोठेबाबा निकाल न बघता गेले. कागदावर अंगठा न देता गेले.

मी दावा एकटा चालवला. दगडाचा नकाशा काढून घेतला. जुन्या म्हाताऱ्यांच्या साक्षी नोंदवल्या. आणि सात वर्षांनी निकाल आमच्या बाजूनं लागेल अशी हवा झाली, तेव्हा मालकांच्या मुलाचा निरोप आला. तो शिकलेला, गोड बोलणारा. स्वतः माझ्या ऑफिसात आला.

"वकीलसाहेब, कायले ताणून राहिले? या आमच्याकडे, मिटवून टाकू. दगडाचंही पाहू. आणि बाबांच्या वेळचं मनात ठेवू नका. तुम्ही वर बसा, खुर्चीवर."

"आणि माझे लोक?"

त्याला खरोखर प्रश्न कळला नाही. "ते? ते बसतील नं खाली. त्यांना सवय आहे."

त्यानं टाइप केलेली पुरसीस सोबत आणली होती. दगड होता तिच्यात. वाचून मी ती घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.

मी कधीच ओट्यावर जाणार नाही. खुर्ची दिली तरी नाही. एकट्याला दिली तर मुळीच नाही. आमच्याकडून आता एकही कागद खालून वर जाणार नाही. बोलणं पारीवर होईल, दगडाजवळ, आणि तिथं सगळे उभे असतील. ज्याला आमची सही हवी, त्यानं तीन पायऱ्या उतराव्यात.