राणीसाहेब

आमच्या राणीसाहेबांनी कधी कोणाच्या घरची बेल वाजवली नाही. दारापुढे येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. जन्मभर दारं आपोआप उघडत आलेली, त्याला त्या तरी काय करणार! मी खिडकीतून ओरडायचे, “राणीसाहेब, बटण दाबा की!” त्या हसायच्या. “दाबतो वं. घाई काहून करून राहिली?”

जंगलाकडच्या एका जुन्या जमीनदारीच्या त्या सून. मूलबाळ झालं नाही म्हणून राजेसाहेबांनी फारकत घेतली आणि दुसरी राणी आणली. फारकतीच्या कागदात अट होती की यापुढे नावामागे ‘राणी’ लावायचं नाही. यांनी मुकाट्याने सही केली आणि प्रताप नगरात आमच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायला आल्या. “कागदावरून गेली मी,” त्या म्हणायच्या, “लोकाईच्या तोंडून नाही गेली ना अजून!”

ते खरंही होतं. दसऱ्याचं पहिलं सोनं राणीच्या हातात द्यायचं, अशी त्यांच्या गावची रीत. दरवर्षी तिथली चार-पाच माणसं आपट्याची पानं घेऊन यायची, “राणीसाहेब” म्हणून वाकायची. त्या पाटवडी-रस्सा करून त्यांना आग्रहाने वाढायच्या. तो एक दिवस त्यांना वर्षभर पुरायचा.

गेल्या दसऱ्याला राजेसाहेबांच्या वाड्यावरून गावात ताकीद गेली आणि कोणीच आलं नाही. हिरवं लुगडं नेसून त्या दुपारपासून दार उघडं टाकून बसलेल्या. दिवेलागणीला मी सोनं घेऊन खाली गेले. त्यांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, आज ‘राणीसाहेब’ हा शब्द म्हणजे जखमेवर मीठ.

“काकू, सोनं घ्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आज काकू काहून वं?”

मी नुसती पानं पुढे केली. “बरं,” म्हणाल्या, पानं देवापुढे ठेवली आणि दार लावून घेतलं. मी किती मूर्ख!

महिन्याभरात त्या कोराडीला भावाकडे राहायला गेल्या. जाऊ-जाऊ म्हणत मी या दसऱ्याला गेले. मुद्दाम फाटकातूनच हाक मारली, “राणीसाहेब!”

शेजारची बाई बाहेर आली. “कोन रानी? इथं तर कोनी रानी नाही बाई.” मी वर्णन सांगितलं. “हो, त्या आत्याबाई! त्या तर पोळ्याच्या आधीच वारल्या. रानी होत्या? आमाले तं कधी बोलल्या नाही.”

जो शब्द मी वर्षभर थट्टेत उधळला, तो त्या एका संध्याकाळी माझ्याच्याने दिला गेला नाही.