गजूकाकांची मरणोत्तर तक्रार

माझे गजूकाका वारले, आणि त्यानंतर पाच महिन्यांनी त्यांनी विमा कंपनीकडे लेखी तक्रार केली.

तक्रार मी लिहिली होती. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तळेगावात हायवेला लागून काकांचं पंक्चरचं दुकान होतं. ट्रकच्या टायरांवर हातोडे मारून मारून त्यांनी मला बी.ए. केलं. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून माझ्या निकालाचे पेढे बाबांपेक्षा त्यांनीच जास्त वाटले. म्हणून काकूने विम्याचे कागद माझ्यापुढे ठेवले, तेव्हा मला वाटलं, आपल्या शिक्षणाचं सार्थक करायची हीच वेळ! (शिक्षणाने माझ्याकडे तसा काही हट्ट धरला नव्हता.)

गरज साधी होती. काकांची पायल बारावी झाली होती. वर्ध्याच्या एका नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळत होती आणि प्रवेश बंद व्हायच्या आत विम्याचे पैसे यायला हवे होते.

अडचणही साधीच. काकांनी पॉलिसी घेतली ती लग्नाआधी. आमच्याकडे बिनलग्नाच्या पोराच्या कागदावर वारस म्हणून त्याची माय असते. लग्नानंतर ते नाव बदलायचं म्हणजे मायला दुखवायचं, म्हणून कोणी बदलत नाही. तेव्हा कागदावर वारस होती आमची आजी. ती काकांच्या आधीच गेली आणि तिच्या मृत्यूची नोंद करायचं कुणाला सुचलंच नाही. (तेराव्याला अख्खं गाव जेवलं, याहून पक्की नोंद कोणती?)

दावा दाखल करून हे सगळं आमचे एजंट वानखडेकाका निस्तरत होते. जुन्या स्कूटीवरून आधी ग्रामपंचायत, मग आष्टीचं तहसील, परत ग्रामपंचायत.

"दोन महिने लागतीन वहिनी," ते काकूला म्हणाले. "घाबरू नका. पोरीच्या अॅडमिशनच्या आत करून देतो."

नेमका त्याच आठवड्यात मला हक्कवीर भेटला. मोबाइलवर. (हे त्याचं खरं नाव नाही. त्याला नाव ठेवायचंच आहे, तर मीच ठेवतो.) हा गृहस्थ आधी मालिकांमध्ये इन्स्पेक्टर व्हायचा. आता तो सामान्य माणसाला बँका आणि विमा कंपन्यांपासून वाचवतो. लाखो लोक त्याला बघतात.

"तुमचा एजंट दोन महिने मागतोय?" त्याने पडद्यातून थेट माझ्याकडे बोट रोखलं. "तो तुम्हाला फिरवतोय! उठा!"

मी उठलो. आणि तडक वानखडेकाकांच्या घरी गेलो.

"काका, कागद वापस द्या."

"काऊन गा? काय झालं?"

"तुम्ही आम्हाले फिरवून राह्यले."

"अरे, तहसीलच्या चकरा मी मारून राह्यलो! तू तं घरी बसला हायेस!"

हे मला साफ खोटं वाटलं. हक्कवीरने सांगितलंच होतं, असा एजंट आधी भावनिक होतो!

मी कागद घेऊनच परतलो. हक्कवीरचा कार्यक्रम वर्ध्याला होता. काकूने खडीसाखरेची पुडी सोबत घेतली, कारण एवढ्या मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? मी तिला मंचावर चढवलं. तिने "मेहेरबान, माही पोरगी..." एवढंच म्हटलं, तोच हक्कवीर तिच्या पाया पडला.

"ही माझी आई आहे!"

टाळ्यांचा कडकडाट. कॅमेरावाला म्हणाला, "सर, चेहरा नाही आला." हक्कवीर परत पाया पडला. मग प्रकाश कमी पडला, म्हणून तिसऱ्यांदा. काकू माझ्या कानात म्हणाली, "बापा, हा माणूस माह्यावाला प्रश्न कधी ऐकीन?"

प्रश्न त्याने ऐकला नाही. त्याचं विमान होतं. तो जाताना एक छापील कागद देऊन गेला. नाव 'हक्कपत्र'. तक्रारीचा तयार मसुदा, सतरा मुद्दे. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: लागू नसलेले मुद्दे खोडावेत.

आता माझं शिक्षण आडवं आलं. मी गाईडवर शिकलेला माणूस. छापील उत्तर जसंच्या तसं उतरवायचं, मुद्दे जास्त तर गुण जास्त, आणि खाडाखोड केली की गुण कापले जातात, हे मला पाचवीपासून पाठ. मी एकही मुद्दा खोडला नाही! सुंदर अक्षरात सतराच्या सतरा उतरवले, वर काकांचं नाव आणि पॉलिसी नंबर लिहिला, आणि कागदाचा फोटो काढून अकरा ठिकाणी पाठवून दिला.

त्यामुळे तक्रार अशी झाली: मी स्वतः पॉलिसीधारक असून माझी सही एजंटने खोटी केली, माझं दवाखान्याचं बिल नाकारण्यात आलं, आणि या सर्वांचा माझ्या प्रकृतीवर वाईट परिणाम झाला आहे.

कंपनीचं उत्तर विजेच्या वेगाने आलं. (आधी कधीच आलं नव्हतं.) "आपण हयात असल्यास आपल्या मृत्यूचा दावा कोणी दाखल केला, याचा खुलासा करावा. तोवर दावा थांबवण्यात येत आहे."

पाठोपाठ नागपूरहून चौकशी अधिकारी आले. ते थेट पंक्चरच्या दुकानावर गेले. तिथे आता माझे बाबा बसतात. बाबा आणि काका दोघे तोंडावळ्याने इतके सारखे, की शाळेत एकाच्या चुकीचा मार दुसरा खायचा. त्यात बाबांच्या अंगावर काकांचाच कामाचा शर्ट.

अधिकाऱ्यांनी कागदावरचा काकांचा फोटो पाहिला, मग बाबांकडे पाहिलं.

"तब्येत आता बरी आहे ना?"

"हो साहेब," बाबा खूश होऊन म्हणाले. "देवाची कृपा हाय!"

साहेबांनी बाबांचे तीन बाजूंनी फोटो काढले. बाबांनी फोटोसाठी केस विंचरले!

मी घाबरून हक्कवीरच्या मदतकेंद्राला फोन लावला. एका मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुमची केस आम्ही खूप मनावर घेतली आहे. काकूंचं वय किती?"

"पंचेचाळीस."

"तंबाखू वगैरे?"

"नाही हो! पण काकांच्या..."

"मग त्यांच्यासाठी आमच्याकडे एक मस्त विमा आहे सर!"

मी फोन आपटला. (माझाच होता. काच गेली.)

आजही मला त्या माणसाचा राग येतो. तो बोलतो ते खोटं असतं असं नाही. माझ्या पुण्यातल्या मित्राने त्याचा व्हिडिओ बघून बँकेने कापलेले पैसे परत मिळवले. पण त्या मित्राचे कागद धड होते. आमची अडचण होती नोंद न झालेली आजी! तिच्यासाठी कुणीतरी तहसीलच्या बाकावर दिवस दिवस बसायला हवं होतं आणि बसणाऱ्यालाच त्याने आम्हाला चोर ठरवायला लावलं. माझ्या काकूच्या पाया पडण्याचा व्हिडिओ मात्र लाखोंनी बघितला. त्याच्या मधोमध मदतकेंद्राच्या त्याच 'मस्त' विम्याची जाहिरात लागते. तिच्या दुःखावर याने दुकान मांडलं, आणि मी तिला हाताला धरून त्या दुकानात नेलं!

शेवटी मान खाली घालून वानखडेकाकांकडे गेलो. ते जेवत होते.

"या साहेब," ते म्हणाले. "म्या सही खोटी केली म्हणे. काकानं वरून पाह्यलं वाटते?"

"चुकलो काका."

"बस. भाकर खा. मंग सांग, कोणाकोणाले पाठवलं थे."

अकरा ठिकाणांची यादी ऐकून त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

मग दोन महिन्यांचं काम त्यांनी पाच महिन्यांत केलं. त्यातले तीन महिने काका खरोखर वारले आहेत, हे सिद्ध करण्यात गेले. पैसे आले तेव्हा प्रवेश बंद होऊन महिना झाला होता. पायलने ते वर्ष कारंज्याच्या एका मेडिकल दुकानात उभं राहून काढलं. ती मला एक शब्द बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

यंदा तिचा प्रवेश झाला. फॉर्म भरायला वानखडेकाका येऊन बसले होते. मी हळूच पेनाकडे हात नेला.

"तू नको," काकू म्हणाली.

"काकू, मी फक्त पाहून राह्यलो..."

"पाहू बी नको. जा, तिच्या मार्कशीटची झेरॉक्स काढून आण."

मी धावत गेलो, दोन प्रती काढून आणल्या. पायलने त्या हातात घेतल्या, उजेडात धरल्या, आणि दोन्ही मागूनपुढून नीट तपासल्या. मी कुठे काही लिहिलं तर नाही ना!