वरच्या बाणाचं बटण

बस स्थानकावर ताईला सगळे ‘भोंगा’ म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. काचेमागच्या लहानशा खोलीत बसून ती माइकवरून गाड्यांची घोषणा करायची. माइक बिघडला तरी तिचं काही अडायचं नाही. खिडकी सरकवून ती अशी हाक मारायची की रस्त्यापलीकडच्या दुकानातली गिऱ्हाइकंही दचकून पिशव्या उचलायची. घरातही हाच आवाज. तिचा नवरा त्याच स्थानकाच्या गॅरेजमध्ये मिस्त्री होता. तो म्हणायचा, “मला कमी ऐकू येतं, पण त्यात इंजिनाचा काही दोष नाही हो.”

तिचा धाकटा भाऊ अगदी उलटा, मूग गिळून बसणारा. ताई त्याला अजूनही बारक्या म्हणायची, जरी बारक्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. तो एका कंपनीत गोदामांसाठी प्रोग्राम लिहायचा. चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. रविवारी तो बहिणीकडे जेवायला यायचा, चार शब्द बोलायचा आणि उठायचा. “तुझ्या वाटणीचंही मीच बोलून घेते,” ताई म्हणायची.

मग ताईची जीभ जड झाली. आधी ‘र’ अडखळायला लागला, मग सगळेच शब्द एकमेकांना चिकटायला लागले. प्रवाशांनी तक्रार केली, की घोषणा करणाऱ्या बाई पिऊन बसतात. स्थानकप्रमुखांनी तिला रजेवर पाठवलं. तपासण्या झाल्या, या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे खेटे झाले, आणि शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून सांगितलं. स्नायूंना चालवणाऱ्या नसा एकेक करून मरत जाणार. आधी बोलणं, मग हात, मग पाय, मग श्वास. औषध नाही. हसू आणि रडू अधूनमधून आपोआप येईल, मनात तसं काही नसतानाही येईल, त्याचा अर्थ लावत बसू नका.

“बुद्धीला मात्र काही होणार नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे तिला सगळं कळत राहणार,” मिस्त्री म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. ही बातमी चांगली की वाईट, हे त्या खोलीत कुणालाच ठरवता आलं नाही.

बारक्याला एकच गोष्ट येत होती. त्याने ती केली. मोबाइल ताईला जमत नव्हता. काचेवर थरथरतं बोट भलतीकडेच लागायचं. पण कीबोर्डवर हात टेकून ठेवता यायचा. म्हणून त्याने एक जुना लॅपटॉप तिच्या खुर्चीपुढच्या टेबलावर ठेवला आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, की मशीन ती ओळ मोठ्याने वाचणार. आवाज बाईचा होता, पण डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा.

पहिल्याच दिवशी गडबड झाली. ताईने लांबलचक वाक्य लिहिलं आणि पहिल्या शब्दातली चूक सुधारायला डावीकडच्या बाणाचं बटण दाबलं. मागे जाण्याऐवजी पडद्यावर कंस आणि परकी अक्षरं उमटली. ती जेवढं दाबेल तेवढा कचरा. शेवटी सगळं पुसून तिने नव्याने लिहिलं, “बारक्या, हे मला शिव्या देतंय.”

बारक्या ओशाळला. रोजच्या कामात असे प्रोग्राम तो शेकड्याने वापरायचा आणि त्यांत बाण चालायचे. ते आपोआप चालत नाहीत, हे तो विसरूनच गेला होता. त्यासाठी एक लायब्ररी जोडावी लागते, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला, कुणालाही आपल्या प्रोग्रामात घेता येणारा कोड. ती लायब्ररी ओळीत मागेपुढे फिरू देते, मधलं अक्षर बदलू देते, आणि आधी लिहिलेली प्रत्येक ओळ लक्षात ठेवते. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागची ओळ समोर येते, पुन्हा दाबलं की तिच्या मागची. ओळींचा हा इतिहास एका फाइलमध्ये राहतो, म्हणून मशीन बंद करून सुरू केलं तरी तो शाबूत.

त्याने लायब्ररी जोडली. काना-मात्रा पुसताना अर्धं अक्षर मागे राहायचं, ते नीट केलं. दोन बटणं एकदम दाबणं ताईला शक्य नव्हतं, म्हणून तशी सगळी कामं त्याने एकेका बटणावर आणून ठेवली. पहिलं अक्षर टाकून वरचा बाण दाबला, की त्याच अक्षराची जुनी वाक्यं एकामागून एक यायची. ‘प’ टाकला की “पाणी दे, पण गार नको.” ‘ह’ टाकला की “हात धुऊन या, ऑइलचा वास येतोय.”

ताईचा भोंगा परत सुरू झाला. मशीनच्या सपाट आवाजात ती नवऱ्याला झापायची, टीव्हीवरच्या माणसांना झापायची, बारक्याला लग्नाचं विचारायची. एकदा नणंद भेटायला आली आणि तासन्‌तास आपल्याच गुडघ्यांबद्दल बोलत बसली. ताईला म्हणायचं होतं, “चहा घेऊन जा.” बाण एकदा जास्त दाबला गेला आणि मशीन खणखणीत बोललं, “ही बाई कधी उठणार?” नणंद उठली. ताई इतकी हसली की मिस्त्रीने तिला पाठीमागून धरलं. ते हसू तिचं होतं की आजाराचं, असा प्रश्न त्या दिवशी कुणाला पडला नाही.

पण बोटं थकत गेली. आधी दहा बोटांची दोन झाली, मग दोनाचं एक. नवं वाक्य लिहायचं म्हणजे चढण चढण्यासारखं. ताई आता फक्त बाण दाबायची आणि जुन्यातलं एक निवडायची. बरीच वाक्यं होती, बरंच भागायचं. पण मिस्त्री कुरकुरायला लागला.

“मी आजचं विचारतो आणि ती मागच्या थंडीतलं उत्तर देते,” तो बारक्याला गॅलरीत म्हणाला. “काल म्हटलं, तुला भीती वाटते का गं? तर म्हणाली, पंखा बारीक करा.”

“तेच जवळ असेल बाणापाशी.”

“ते मला कळतं रे. पण मी काय समजायचं?”

मग डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. श्वास कमी पडायला लागला होता. पुढेमागे गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावायचं की नाही, हे तिने आताच सांगून ठेवावं, असं त्या म्हणाल्या. ताईने बराच वेळ बाण दाबले आणि मशीन बोललं, “आता नको. नंतर बघू.” हे वाक्य तिने कधीतरी चहाबद्दल लिहिलं होतं. बारक्याला ते आठवत होतं. डोळ्यांनी तिला हो-नाही सांगता यायचं, एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. पण हा प्रश्न विचारला की ती डोळे मिटून घ्यायची आणि उघडायचीच नाही.

डॉक्टरीणबाई जाताना जिन्यात म्हणाल्या, “तिचं स्वतःचं उत्तर काढा. बोट चालतंय तोवर नवीन लिहायला लावा.”

बारक्याला ते पटलं. सकाळी कामावर जाताना तो ताईकडे थांबला आणि प्रोग्राममध्ये सुरुवातीला इतिहासाची फाइल वाचणारी ओळ त्याने बंद केली. आजचा दिवस जुनं काही येणारच नाही, म्हणजे ती नवीन लिहील. संध्याकाळी परत चालू करू.

“ताई, आज जुनं नाही हं. थोडं थोडं लिही.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. बोट बाणावर गेलं. काही आलं नाही. तिने पुन्हा दाबलं. बारक्याला उशीर होत होता, तो निघाला.

संध्याकाळी मिस्त्रीने दार उघडलं तेच वैतागून. “काय करून ठेवलंस? दुपारी आलो तर ही बटण दाबतेय, दाबतेय आणि मशीन मुकं. मी प्रोग्राम बंद केला आणि हिला झोपवलं.”

“करतो सुरू,” बारक्या म्हणाला. त्याने बंद केलेली ओळ पूर्ववत केली, प्रोग्राम सुरू केला, वरचा बाण दाबला. पडद्यावर ‘पा’ आलं. त्याने पुन्हा दाबलं. ‘पा’च राहिलं आणि मशीनने बारीक टुक केलं. मागे काही नव्हतं.

कळायला त्याला एक क्षणच लागला. सुरुवातीला फाइल वाचणं त्याने बंद केलं होतं. शेवटी फाइल लिहिणं मात्र चालूच राहिलं होतं. मिस्त्रीने प्रोग्राम बंद केला तेव्हा प्रोग्रामने इमानेइतबारे आपलं काम केलं, दिवसभराचा इतिहास जुन्या फाइलवर लिहून टाकला. दिवसभराचा इतिहास म्हणजे ‘पा’. पाणी मागायला बसली होती ती.

ऑफिसातल्या खोक्यांच्या यादीच्याही तो तीन-तीन प्रती ठेवायचा. इथे एकही ठेवली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याने लॅपटॉप ऑफिसला नेला, एका जाणकार सोबत्याला दाखवला, दोघांनी डिस्क खणून पाहिली. वाक्यांच्या जागी दुसरंच काहीबाही लिहिलं गेलं होतं.

ताईला सांगणं भाग होतं. तो तिच्यासमोर स्टुलावर बसला.

“ताई, तुझी वाक्यं गेली. माझ्याकडून पुसली गेली सगळी.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली. तोंड वाकडं करून, खांदे हलवत, थांबेचना. बारक्या तिच्या डोळ्यांत शोधत होता, पण तिथलं त्याला काही वाचता येईना. मिस्त्रीने येऊन तिचं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच म्हणाला, “आपण लिहून काढू. मला आठवतात.”

दोघं मशीनपुढे बसले, ताई मध्ये. मिस्त्री सांगायचा, बारक्या टाइप करायचा, मशीन वाचून दाखवायचं आणि ताई डोळ्यांनी हो किंवा नाही म्हणायची.

“लिही, ‘तुम्ही दमला असाल, बसा जरा.’”

मशीन बोललं. ताईचे डोळे दोनदा मिटले. नाही.

“म्हणायची की तू!” मिस्त्री म्हणाला. मग त्यालाच हसू आलं. “नाही म्हणायची खरं. ‘दारातच उभे राहू नका, माशा येतात,’ असं म्हणायची.”

डोळे एकदा मिटले. हो.

असं चाललं खरं, पण मिस्त्रीला आठवायचं ते त्याला हवं होतं तसं आणि बारक्याला आठवायचं ते छापल्यासारखं, तिची खोच त्यात नसायची. ताई बहुतेकांना नाहीच म्हणायची. काही वेळाने ती दमून नाही म्हणायचीही थांबली आणि हे दोघं तिच्या तोंडी काय काय घालत राहिले. शेवटी मिस्त्रीने लॅपटॉपचं झाकण अर्धं लावलं. “राहू दे. ही सगळी माझीच बडबड आहे.”

राहिली ती मूठभर वाक्यं. पाणी, पंखा, कूस, माशा. ताई तीही फारशी वापरायची नाही. बारक्या रोज येऊन बसायचा. त्याला वाटायचं, तिने एकदा तरी चांगलं झापावं. पण झापायची वाक्यंच आता तिच्याकडे नव्हती.

श्वास आणखी उणा झाला तेव्हा डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या आणि त्यांनी तोच प्रश्न सरळ विचारला. या वेळी ताईने डोळे मिटले नाहीत. तिने बोटाकडे पाहिलं. बारक्याने तिचं मनगट उचलून कीबोर्डवर टेकवलं आणि हात काढून घेतला. बोट एका बटणावरून दुसऱ्या बटणाकडे गोगलगायीसारखं सरकत होतं, मध्येच थांबत होतं. बारक्याला प्रत्येक बटण आपणच दाबावंसं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.

“घरी,” मशीन बोललं.

“म्हणजे गळ्याचं मशीन नको? इस्पितळात जायचं नाही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

डोळे एकदा मिटले आणि उघडले.

“ताई, बघ हं, नीट विचार कर,” बारक्या म्हणाला. “आत्ताच काही ठरवायला नको. आपण परत...”

“तिने सांगितलं,” मिस्त्री म्हणाला. “किती वेळा लिहायला लावशील?”

बारक्याने तिचं मनगट कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवलं. तिचं स्वतःचं, नवंकोरं उत्तर त्याला हवं होतं. ते मिळालं होतं आणि त्याला काहीही करता येत नव्हतं.

ताई गेली ती घरीच, एका भर दुपारी. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि मिस्त्री तिच्या पायांना तेल लावत होता. बारक्या त्या वेळी ऑफिसात होता. तो पोहोचला तेव्हा मिस्त्री खिडकीत बसून होता. मिस्त्री म्हणाला, “मला कळलंच नाही रे. मी काहीतरी सांगत होतो तिला.”

पुढे कधीतरी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनाही तोच आजार. तो प्रोग्राम मिळेल का? बारक्या गेला. इतिहासाच्या फाइलच्या प्रती आता आपोआप दोन ठिकाणी होतील, अशी सोय त्याने केली होती. शिक्षकांनी पहिलीच ओळ शुद्धलेखनासकट बिनचूक लिहिली, वरचा बाण दाबून ती पुन्हा आणली, एक शब्द बदलला आणि मान डोलावली.

त्यांची बायको बारक्याला सोडायला दारापर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, “याने फरक पडेल ना हो?”

बारक्या चपलेत पाय घालत होता.

“बोलता येईल,” तो म्हणाला. “काही दिवस.”

बाईंनी मान हलवली आणि जिन्याचा दिवा लावला.