काडी मोडली, लेक राहिली

किल्लारी-लातूर जीप चालवणारा नरसिंग तसा वाईट न्हाई. गावात कुणी दगावलं तर सगळ्यात आधी त्याचीच जीप दारात उभी. पण सोताच्या लेकीला आठ वर्षांत त्यानं एक वही घेऊन दिली न्हाई.

शिल्पाचा अन् त्याचा काडीमोड झाला तवा भाग्यश्री चार वर्षांची होती. पंच ओसरीवर बसले, ज्वारीच्या धाटाची काडी मोडली अन् बाँडावर लिहिलं, 'इथून पुढं देणं-घेणं न्हाई.' शिल्पानं सही केली. नरसिंगाला वाटलं, काडीसंगं बायको सुटली तशी लेकही सुटली.

शिल्पा लातुरात मेसवर पोळ्या लाटून राहिली. पोरगी सातवीत गेली, शाळेचा खर्च झेपंना, तवा तिनं कोर्टात अर्ज टाकला.

नरसिंग बाँड घेऊन ऐटीत गेला. जजसाहेबांनी वाचून परत सरकवला. "हे तुमचं दोघांचं झालं. लेकराचा हक्क आईला लिहून सोडता येत नाही."

बाहेर शिल्पाची आई नागम्मा उभीच होती. "का हो जावईबापू, काडी तुमच्या दोघांची मोडली. लेकीची कधी मोडली म्हणायची?"

नरसिंग खाली मान घालून निघाला. महिन्याला पैसे ठरले, ते त्यानं एकदाबी चुकवले न्हाईत. पैसे चालू झाले म्हंजी आपण बाप झालो, असं त्याला वाटाय लागलं. म्हणून लेकीला घरी न्यायला महिन्यातला एक रविवार मागून घेतला.

पहिल्या रविवारी नागम्मानं पोरीला लातूरच्या स्टँडवर आणून सोडलं. नरसिंगानं पुढची सीट मोकळी ठेवली होती. पोरगी मागं बायांत जाऊन बसली.

"पुढं ये की, माय."

"हितंच बरं हाय."

तो आरशात बघत राहिला. औसा गेल्यावर म्हणला, "अभ्यास कसा हाय?"

"बरा हाय."

किल्लारीत उतरताना सगळ्यांनी भाडं दिलं. तिनंबी पन्नासाची नोट पुढं केली.

"तू कशाला देतीस? बाप हाय मी तुझा."

"आई म्हणली, कुणाचं ठेवून घ्यायचं न्हाई." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मागं माणसं खोळंबली होती. "अरे नरसिंग, घे की लवकर!" कुणीतरी वरडलं.

त्यानं नोट घेतली, अन् हाताच्या सवयीनं अर्ध्या तिकिटाचे तीस धरून वीस रुपये परत दिले.