अस्वलाची पिल्लं आणि सुजाताताईचा खोकला

सुजाताताईच्या नवऱ्याचा, विलासभाऊंचा फोन आला तेव्हा मी मस्कतमधल्या हमरियातल्या आमच्या शिलाईच्या दुकानात एका अबायाची बाही उसवत होते. "नसीम, तुझी ताई गेली," एवढंच म्हणाले. नागपूरहून बोलत होते. शेवटचे दिवस माहेरच्या माणसांत जावेत म्हणून त्यांनी तिला तिकडे नेलं होतं. मी फोन ठेवला, बाही पूर्ण उसवली आणि मग शटर ओढलं...

सुजाताताई रुसैलच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनियर होती. पहिल्यांदा दुकानात आली ती खाकी कापडाचा गठ्ठा घेऊन. आत दडून पक्षी-प्राणी पाहता येतील असा तंबू तिला शिवून हवा होता. त्याला ती 'लपण' म्हणायची. "खिडकी फक्त लेन्स जाईल एवढीच ठेव." मला वाटलं, बाई जरा सरकलेली दिसते. तंबू न्यायला आली तेव्हा म्हणाली, "यल्ला, शुक्रवारी तूही चल." सहमजवळच्या एका शेतात, खजुरांच्या आडोशाला आम्ही दोघी त्यात बसलो. घामाने नुसती भिजले, पण अगदी जवळ आलेला हुदहुद पक्षी जमिनीतून किडा उपसून खाताना पाहिला आणि त्यानंतरचे माझे शुक्रवार तिचेच झाले.

फिनलंडच्या जंगलात जाऊन अस्वलं पाहायची, हे तिचं जुनं वेड. सगळं ठरलं आणि नेमकं विलासभाऊंच्या प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन निघालं, त्यांची रजा रद्द झाली, म्हणून त्यांच्याऐवजी मी गेले. ताईला तेव्हा खोकला होता. एसीमुळे असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. तिथलं लपण म्हणजे लाकडी खोपी; समोर दलदल, पलीकडे पाइनचं रान. आवाज अजिबात करायचा नाही, असं गाइडने बजावलं होतं. संध्याकाळी, तिकडच्या उन्हाळ्यात उशिरापर्यंत रेंगाळणाऱ्या लख्ख उन्हात, एक अस्वलीण दोन पिल्लं घेऊन बाहेर आली. त्याच वेळी ताईला उबळ आली. तिने ओढणी तोंडात कोंबली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मी तिची पाठ दाबून धरली... पण खोकला फुटलाच. अस्वलीण फुसकारली, तशी पिल्लं सरसर झाडावर चढली आणि ती खोडाशी आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. बऱ्याच वेळाने त्यांना उतरवून घेऊन गेली. ताई आता रडणार, असं मला वाटलं. ती तर हसत होती.

"मी खोकले नसते, तर हे झाडावर चढणं दिसलं असतं का गं?"

मस्कतला परतल्यावर तपासण्या झाल्या. फुप्फुसाचा कॅन्सर होता. केमो चालू असताना एकदा म्हणाली, "थंडीत सहमला जायचं. इन्शाल्ला म्हण." मी म्हटलं. थंडी आली, पण तोवर तिला जिनाही चढवत नव्हता.

विलासभाऊ परत आल्याचं कळल्यावर मागच्या आठवड्यात त्यांना भेटायला गेले. ताईने स्वयंपाकघराच्या खिडकीला खाकी कागद चिकटवून त्यात एक फट ठेवली होती, बाहेर कठड्यावर पाण्याचं मातीचं भांडं. कागद अजून तसाच आहे, भांडं काठोकाठ भरलेलं. मी काही बोलणार, तेवढ्यात विलासभाऊंनी हाताने थांबवलं.

"हळू... बुलबुल आंघोळीला आलेत."