घोट्यातली पट्टी आणि दाजींचं ज्ञान

उंद्रीच्या मळ्यात वांग्याचे क्रेट ट्रॉलीत चढवताना माझा पाय सटकला आणि घोट्यात कडकन आवाज झाला. माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होते. आणि दाजींना जगातलं सगळं कळतं.

"दवाखान्यात काऊन जातं बे? ते लोक चिरायलेच बसले हायेत," असं म्हणत त्यांनी मला जीपमध्ये घातलं आणि सुलतानपूरकडच्या एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. बायकोनं एक्स-रेचं नाव काढलं होतं, दाजींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जावयाचा शब्द मोडायचा नाही, ही आमच्या घरची रीत.

त्या माणसानं तोंडातला तंबाखूचा खर्रा न थुंकता माझा पाय पिळला, तेल चोपडलं, बांबूच्या कामट्या करकचून आवळल्या आणि "बसलं हाड" म्हणाला. शाबासकी मिळाल्यासारखे दाजी हसले.

तीन आठवडे मी खाटेवर होतो. कामट्यांखाली फोड आले, पंजा बाहेरच्या अंगाला वळला. घरी परतलेले दाजी फोनवर रोज विचारायचे, "सूज उतरून राह्यली ना?" शेवटी बायकोनं कुणाला न विचारता मला बुलढाण्याला नेलं. बहिणीकडून कळताच दाजी तिथंही हजर झाले.

"कधी पडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"परवा," दाजी म्हणाले.

"तीन आठवडे झाले," मी म्हणालो. "हे खोटं बोलून राह्यले."

दाजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडून सांधा सरकला होता आणि हाडं तशीच वाकडी जुळत चालली होती. फोड सुकेपर्यंत थांबून डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती सोडवली, बाहेरच्या बाजूला धातूची पट्टी आणि आतल्या बाजूला दोन स्क्रू घातले. कमरेखाली बधिर होतो, पण ड्रिलचा आवाज ऐकू येत होता. भीती नाही वाटली. स्वतःचीच किळस आली. दोन मुलांचा बाप, आणि रीतीपायी पाय देऊन बसलो होतो.

दीड महिना पाय टेकवला नाही, मग वॉकर. आता चालतो, पण निंदायला उकिडवं बसता येत नाही. दाजी पाहुण्यांना सांगतात, "म्याच टायमावर नेलं त्याले." ते आले की मी आता उठून उभा राहत नाही. यांचा पाय दुखतो, असं बायको त्यांना सांगते. तेवढं खोटं मी चालू देतो.